मदत हवी आहे: अ‍ॅम्बॅसिडरचे जुने डिझेल इंजिन लाकडी होडीत बसवताना शीतकरण आणि गिअरबॉक्स

नमस्कार,

दाभोळच्या खाडीत आमच्या घरची सव्वीस फुटी लाकडी होडी आहे. तिचा उपयोग घरची माणसे आणि आंब्याच्या पेट्या खाडीच्या आतल्या बाजूने ने-आण करण्यापुरता होतो. ती खुल्या समुद्रात जात नाही. तिच्यात अ‍ॅम्बॅसिडर गाडीचे जुने १४८९ सीसी डिझेल इंजिन बसवायचे ठरले आहे. गाडीचा सांगाडा गंजून गेला असला, तरी इंजिन उघडून पाहिले तेव्हा सिलिंडर आणि क्रँकशाफ्ट चांगल्या स्थितीत आढळले, आणि असे इंजिन भंगारात घालणे मला मान्य नाही.

हा प्रयोग जगावेगळा नाही, हे मला ठाऊक आहे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीचे उत्पादन १९२७ साली थांबले, तरी तिचे इंजिन होड्या, पंप आणि कारखान्यांसाठी १९४१ पर्यंत बनत राहिले. आमच्या इंजिनाचे मूळ रूप म्हणजे ब्रिटनमधील बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीचे दीड लिटरचे डिझेल इंजिन. ते तेथील कालव्यांतल्या अरुंद बोटींमध्ये वर्षानुवर्षे वापरात आहे आणि लेलँड १५४ या छोट्या ट्रॅक्टरलाही तेच होते. त्यामुळे इंजिनाच्या क्षमतेविषयी मला शंका नाही. गाडीत त्याची ताकद सुमारे ३७ अश्वशक्ती होती आणि आमच्या होडीला खाडीत त्याच्या निम्मी ताकदही पुरेल. मात्र सपाट रस्त्यावर गाडीचे इंजिन बराच वेळ हलक्या भाराने चालते, तर होडीत पाण्यातला पंखा (प्रोपेलर) त्याच्यावर अखंड भार ठेवतो. म्हणून मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या वर ते सतत चालवायचे नाही, असे मी ठरवले आहे.

खरी अडचण शीतकरणाची आहे. खाडीचे पाणी थेट इंजिनाच्या ब्लॉकमधून फिरवणे सर्वांत स्वस्त आणि आमच्याकडचे मिस्त्री तेच सुचवतात, परंतु मला ते पटत नाही. ओतीव लोखंड खाऱ्या पाण्याने आतून गंजते. शिवाय पाणी साधारण ५५ ते ६० अंशांच्या वर तापले की क्षार बसू लागतात, म्हणून इंजिन थंड ठेवावे लागते. आणि या इंजिनात डिझेलचे ज्वलन वेगळ्या छोट्या कक्षात सुरू होत असल्याने ते ८० अंशांच्या आसपास चालले तरच धूर कमी आणि काजळी कमी, असा माझा समज आहे. म्हणजे ब्लॉकमध्ये गोडे पाणी आणि शीतकद्रव्य बंदिस्त ठेवणे आलेच. आता प्रश्न असा, की ते थंड करण्यासाठी खाऱ्या पाण्याचा वेगळा पंप लावून हीट एक्स्चेंजर (दोन्ही पाणी न मिसळता उष्णता काढून घेणारे उपकरण) बसवावा, की पठाणाला (होडीच्या तळाच्या मधल्या कण्याला) समांतर, होडीच्या तळाबाहेर क्युप्रोनिकेलच्या (तांबे-निकेल मिश्रधातूच्या) नळ्या टाकून त्यांतून ब्लॉकमधले गोडे पाणी फिरवावे? पावसाळ्यात वाशिष्ठी इतका गाळ आणते की पंपाचा रबरी इंपेलर (पाणी ढकलणारे चक्र) लवकर झिजेल अशी भीती वाटते, त्यामुळे माझा कल नळ्यांकडे आहे. परंतु होडी ओहोटीला चिखलावर बसते, तेव्हा त्या नळ्यांचे काय होते, आणि एवढ्या इंजिनासाठी त्यांची एकूण लांबी किती धरावी, हे अनुभवी माणसानेच सांगावे.

दुसरा प्रश्न गिअरबॉक्सचा. गाडीचा गिअरबॉक्स जागेवर ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये होडी चालवता येईल, असे काहींचे म्हणणे आहे. मला त्यात दोन धोके दिसतात: पंख्याचा रेटा शाफ्टमधून थेट गिअरबॉक्सवर येईल आणि तो पेलणारे बेअरिंग त्यात नाही, आणि उलट चालीचा गिअर थोडा वेळच वापरण्यासाठी बनवलेला असतो, तर धक्क्याला लागताना होडी थांबवायला त्याचाच आधार असतो. टॉप गिअरमध्ये फेऱ्या कमी होत नाहीत, त्यामुळे आमच्यासारख्या जड, मंद होडीला योग्य असा मोठा पंखा लावता येणार नाही. म्हणून दोनास एक प्रमाणाचा (इंजिनाच्या दोन फेऱ्यांमागे पंख्याची एक) सागरी गिअरबॉक्स शोधतो आहे. तो इंजिनाला जोडण्यासाठी फ्लायव्हीलला जुळणारी अ‍ॅडॉप्टर प्लेट कोकणात किंवा मुंबईत कोणी अचूक कातून देते का? प्लेटचा मध्य थोडाही सरकला तर इनपुट शाफ्टचे सील टिकणार नाही, त्यामुळे मला अंदाजपंचे काम नको आहे. जुना सागरी गिअरबॉक्स घ्यावा असे सुचवायचे असेल, तर विकत घेण्यापूर्वी तो उघडून काय पाहावे, तेही सांगावे.

शाफ्टचा उतार साधारण १० अंश येतो आहे. गाडीत जवळजवळ आडवे बसणारे हे इंजिन तेवढे कलले, तर तेलाच्या पंपाच्या तोंडाशी तेल राहते का, की इंजिनाखालची तेलाची टाकी (संप) बदलावी लागेल? ज्यांनी हेच किंवा याच कुळातले पेट्रोल इंजिन होडीत किंवा शेतीपंपावर चालवले आहे, त्यांनी तेलाचा दाब किती राहतो ते नक्की लिहावे. डिझेलच्या पंपाला डिझेलचेच वंगण मिळत असल्याने डिझेलमधले पाणी वेगळे करणारा गाळणी-संच मी आधीच आणला आहे.

इंजिनाच्या पाठीमागच्या बाजूची मोजमापे आणि छायाचित्रे कोणाला हवी असल्यास ती मी येथेच देईन.