व्याख्या तोंडपाठ, उदाहरणात दांडी: सायकॉलॉजीचा पाया तपासायचा कसा?

रामबागची_काकू (इंदूर)
नमस्कार मंडळी. बीए फर्स्ट इयरच्या मुलांची सायकॉलॉजीची शिकवणी मी घरीच घेते. सायकॉलॉजीची पहिली प्रयोगशाळा कुणाची? वुण्ट, लाइपझिग, 1879, हे मुलं झोपेतही सांगतील. पण परवाच्या चाचणीत निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट विचारलं, तर एकाने व्याख्या अगदी छापील लिहिली, ‘अप्रिय उद्दीपक दूर झाल्याने वर्तन वाढते’, आणि खाली उदाहरण दिलं: ‘हेल्मेट नव्हतं म्हणून पलासिया चौकात चालान कापलं.’ निगेटिव्ह म्हणजे काहीतरी वाईट, हे डोक्यातून जातच नाही! व्याख्येचे मार्क द्यायला हात धजत नाही, न द्यावे तर बिचाऱ्याचं लिहिलेलं बरोबरच आहे. समजलंय की नाही हे उघडं पडेल असे प्रश्न तुम्ही कसे काढता?

निवृत्त_मास्तर
काकू, व्याख्या विचारूच नका. प्रसंग द्या आणि आधी दोनच गोष्टी लिहायला लावा: वर्तन कोणतं, आणि ते वाढलं की घटलं. नाव नंतर. माझा नेहमीचा प्रश्न घ्या. दुकानात पोर चॉकलेटसाठी भोकाड पसरतं, आई वैतागून घेऊन देते, पोर गप्प होतं. कोणाला काय मिळालं? पोराच्या रडण्याला पॉझिटिव्ह रिइन्फोर्समेंट, कारण चॉकलेट हाती पडलं. आईच्या ‘घेऊन देण्याला’ निगेटिव्ह, कारण कटकट थांबली. पाठांतरवाला इथे हमखास आईला ‘शिक्षा’ देतो.

तुमच्या हेल्मेटवाल्यालाही पूर्ण शून्य देऊ नका. चालान बसल्यावर बिनहेल्मेट फिरणं कमी झालं, ती शिक्षा. पण चालान टाळायला तो रोज हेल्मेट घालू लागला, तर हेल्मेट घालणं निगेटिव्ह रिइन्फोर्समेंटनेच टिकलंय. त्याला समोर बसवून विचारा, तू कोणत्या वर्तनाबद्दल बोलतोयस? उत्तर आलं तर मार्क.

फर्स्ट_इयर_भिया
काकू, मी पण देतो एक. सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की आमची अख्खी गल्ली ओल्या-सुक्याच्या बादल्या घेऊन बाहेर. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं उगीच आलं का! पावलॉव्हने खाण्याआधी घंटी वाजवून वाजवून कुत्र्यांना नुसत्या घंटीनेच लाळ सुटायला लावली ना, तसं गाणं म्हणजे ती घंटी, आपण कुत्रे. क्लासिकल कंडिशनिंग. बरोबर ना?

रामबागची_काकू (इंदूर)
भिया, नाही रे. लाळ आपोआप सुटते, बादली आपोआप उचलली जात नाही. ती तू उचलतोस, नाहीतर आई ओरडते. गाडी आली आहे, आत्ता नेलीस तर घाण जाईल, एवढं ते गाणं तुला कळवतं. पुढे परिणाम काय, तर ओट्याखालचा वास गेला. म्हणजे हे ऑपरंट, परिणामामुळे शिकलेलं वर्तन, आणि वास जाण्यापुरतं निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट! हिवाळ्यात सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेल्या गराडू कंदावर जीरावण मसाला भुरभुरताना नुसतं दिसलं आणि तोंडाला पाणी सुटलं, तर म्हण क्लासिकल. ज्याने आयुष्यात गराडू खाल्लाच नाही, त्याला ते बघून काही होणार नाही. तेच तर शिकलेलं.

मास्तर, तुमचा चॉकलेटचा प्रश्न मी ढापते आहे.

एमएवाली_ताई
एवढं सगळं ठीक, पण नावं-सनावळ्यांवर सगळेच तुटून पडू नका. पावलॉव्ह मुळात शरीरक्रियाशास्त्रज्ञ. 1904 चं नोबेल त्याला पचनावरच्या कामासाठी मिळालं, कंडिशनिंगसाठी नव्हे. हे ठाऊक असलं की लाळच का मोजली ते उमगतं, आणि भियासारखी गफलतही होत नाही. सन नुसता विचारला तर घोकंपट्टी, ‘हा माणूस मुळात काय शोधत होता’ असं विचारलं तर समज.

आणि काकू, तुमचा खरा घोळ यथार्थतेचा आहे, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातंय का, याचा. व्याख्येचा पेपर चारदा घेतला तरी त्या मुलाला तेवढेच मार्क पडतील, म्हणजे विश्वसनीयता चोख. पण मोजलं काय? पाठांतर. मुलांना हाच पेपर दाखवून विचारा, यात विश्वसनीयता आहे का, यथार्थता आहे का. तोच प्रश्न होईल.

एक अजून: छोट्या चाचण्या वारंवार घ्या. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनी विचारलं तर धडा पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे.

फर्स्ट_इयर_भिया
ताई, रोज चाचणी?? काकूंना आयडिया नका देऊ! आणि काकू, एक दिवस गाडी आलीच नाही, पण कुणाच्या तरी मोबाईलवर ते गाणं वाजलं आणि मी बादली घेऊन धावलो. ते तर आपोआप झालं ना?

रामबागची_काकू (इंदूर)
छातीत धस्स झालं असेल तर तेवढं क्लासिकल. धावणं मात्र ऑपरंटच. आता तूच सांग: महिनाभर रोज गाणं वाजलं आणि गाडी एकदाही आली नाही, तर तुझ्या धावण्याचं काय होईल, आणि त्याला काय म्हणतात? सोमवारी वहीत लिहून आण, व्याख्येशिवाय.