बायपास किंवा व्हॉल्व्हच्या रुग्णाने क्लिनिकल ट्रायल स्वतः शोधावी का?

कृष्णाकाठ, सांगली

माझ्या थोरल्या बंधूंची बायपास ठरली, तेव्हा हृदय थांबवून यंत्रावर करायची की ‘बीटिंग हार्ट’ म्हणजे हृदय चालू ठेवून करायच्या पद्धतीने, यावर घरात आठवडाभर वाद चालला होता. ज्याला विचारावे तो दुसरी पद्धत श्रेष्ठ असल्याचे सांगे. पुढे समजले की नेमक्या याच प्रश्नावर ‘कोरोनरी’ नावाची क्लिनिकल ट्रायल, म्हणजे रुग्णांवर घेतलेली उपचारांची शास्त्रीय चाचणी, झाली आहे. भारतासह १९ देशांतील ४,७५२ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले गेले आणि मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, मूत्रपिंड निकामी होणे या सर्वांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा पाच वर्षांनंतरही दोन पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही. हे उत्तर आपल्याला बायपासच्याच रुग्णांनी मिळवून दिले आहे.

म्हणून माझे मत असे की, डॉक्टर सुचवतील याची वाट न पाहता रुग्णाने किंवा घरच्यांनी स्वतः शोध घ्यावा. सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) ही देशातल्या ट्रायलची ऑनलाइन सरकारी नोंदवही २००७ पासून सर्वांसाठी खुली आहे आणि १५ जून २००९ पासून ट्रायलची नोंदणी सक्तीची आहे. आजाराचे किंवा शस्त्रक्रियेचे नाव टाकले की ट्रायल कोणत्या शहरात, कोणत्या रुग्णालयात आहे, कोणाला घेणार, कोणाला वगळणार, भरती चालू आहे की संपली आणि विचारणा कोणाकडे करायची, हे दिसते. माहिती इंग्रजीत आहे ही मोठी अडचण आहे, परंतु घरातले कॉलेजात जाणारे मूल ती वाचून सांगू शकते. फोन करताना अँजिओग्राफी व इकोचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी समोर ठेवावी, कारण वय, हृदयाचे पंपिंग, मधुमेह, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) यांवरच बहुधा होकार किंवा नकार ठरतो.

बागायतदार, तासगाव

आपला हेतू चांगला आहे, पण मी सहमत नाही. आमच्या दादांना ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ट्रायलचा कागद दिला गेला. छातीवरचे केस काढून झाले होते, दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला नंबर होता आणि त्यांचा चष्मा सामानाबरोबर माझ्या पत्नीच्या पिशवीत गेला होता. त्यांनी तशीच सही केली. मी नंतर विचारले तेव्हा म्हणाले, “नाही म्हटलं असतं तर डॉक्टर नाराज झाले असते.” ज्याचा जीव ज्यांच्या हाती आहे त्यांनाच तो नकार कसा देणार? याला मी संमती मानत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नवे ते चांगलेच, ही समजूत. धातूचा व्हॉल्व्ह बसवलेल्यांना रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून वॉरफरिन या जुन्या गोळीऐवजी डॅबिगॅट्रान ही नवी गोळी द्यावी का, हे पाहणारी ट्रायल २०१२ साली मध्येच थांबवावी लागली, कारण नव्या गोळीच्या गटात गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. त्या माणसांचे काय? शिवाय तपासणीसाठी पुण्याला हेलपाटे घालायचे, तेही ऐन छाटणीच्या दिवसांत, हा खर्च शेतकऱ्याच्याच अंगावर पडण्याची शक्यता अधिक.

एक शिक्षिका, जत

माझा मायट्रल व्हॉल्व्ह धातूचा आहे. दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) तपासते आणि त्याप्रमाणे वॉरफरिनची गोळी अर्धी की पाऊण हे ठरते. नवी गोळी मिळावी असे मलाही फार वाटत होते. ती मला दिली गेली नाही, याचे कारण आपण सांगितलेली तीच ट्रायल आहे, दादा. ती झाली नसती, तर हीच गोळी हजारो लोकांना सर्रास दिली गेली असती. त्या रुग्णांचे माझ्यावर उपकार आहेत, असे मी मानते. आणि लहानपणच्या सांधेतापातून बिघडणारे व्हॉल्व्ह हा मुख्यतः आपल्यासारख्या देशांतला आजार आहे. त्यावरच्या ट्रायलमध्ये आपण नसू, तर आपल्या आजाराचे उत्तर कोण शोधणार?

कृष्णाकाठ, सांगली

तासगावकर, आदल्या संध्याकाळची सही चूकच होती, यात मला तिळमात्र शंका नाही. पण म्हणूनच आधी शोधावे असे मी म्हणतो. शस्त्रक्रियेला तीन आठवडे असताना आपणच विचारणा केली, तर कागद घरी आणून वाचता येतो आणि फॅमिली डॉक्टरांना दाखवता येतो. माहितीपत्रक रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी निःपक्ष साक्षीदार लागतो, सही केलेल्या कागदाची प्रत रुग्णाला मिळाली पाहिजे आणि केव्हाही बाहेर पडले तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये इजा झाली, तर २०१९ च्या नियमांप्रमाणे मोफत उपचार आणि ट्रायलमुळेच झालेल्या हानीची भरपाई आहे. मात्र दोन रूढ शस्त्रक्रियांची तुलना असेल, तर ते नियम जसेच्या तसे लागू होतीलच असे नाही. तेथे खर्च, प्रवासभाडे आणि इजेची जबाबदारी कोणाची, हे सही करण्यापूर्वी लेखी मागावे.

बागायतदार, तासगाव

ताईंचे म्हणणे मनाला लागले. तरीही ज्या सर्जनच्या हातून ऑपरेशन व्हायचे आहे, त्यांनीच संमती मागावी हे मला आजही पटत नाही. दुसऱ्या कोणी, मराठीत, दादांना चष्मा लावून बसवून समजावले असते आणि विचार करायला चार दिवस दिले असते, तर कदाचित त्यांनी हो म्हटले असते आणि मीही आडवा आलो नसतो.