प्रति: शेव्हेलला मागे डिस्क ब्रेक
तुमच्या शेव्हेलला (शेव्हरोलेची जुनी अमेरिकन गाडी) मागे डिस्क ब्रेकचं किट बसवल्यापासून पेडल मऊ लागतंय आणि मागची चाकं तापतायत म्हणालात ना, तर आधी मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) बघा. १९६९ च्या शेव्हेलला मागे ड्रम ब्रेक, आणि ड्रमच्या लाइनीत साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, मास्टर सिलिंडरला पाइप जोडतो तिथेच पितळी सीटखाली, तो तसाच राहिला की पॅड डिस्कला घासत राहतात. मऊ पेडलचं म्हणाल तर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) डावा-उजवा उलटा नाही ना लागला? ब्लीडर स्क्रू (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा, म्हणजे ब्लीड करायचा स्क्रू) वरच्या बाजूलाच हवा, खाली आला तर कितीही ब्लीड करा हवा आतच, मी यात अख्खा रविवार घालवलाय, पेडल मारायला बायकोला बसवलं होतं आणि नंतर दोन दिवस ऐकून घेतलं :) ऍडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा) मात्र टाकाच, मागे जास्त दाब गेला तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गरकन फिरते. बाकी पुढे अजून ड्रमच असतील तर राव आधी ते बदलायचे होते, थांबवायचं बहुतेक काम पुढचीच चाकं करतात.