‘रिबाउंड’ला मराठीत काय म्हणायचं?

तापीकाठ: परवाच्या बास्केटबॉल सामन्याचं टिपण लिहितोय. वाक्य होतं, ‘बचाव चोख, पण रिबाउंडमध्ये मार खाल्ला.’ म्हणजे शॉट हुकून उडालेला चेंडू मिळवण्यात. तपासणाऱ्याने ‘रिबाउंड’ खोडून ‘प्रतिक्षेप’ केलं. आता वाचताना डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारल्यासारखं वाटतं. ‘परतचेंडू’ चालेल का?

धुळेकर: प्रतिक्षेप नकोच. पण ‘परत’ही फसवं आहे. डाव्या कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट हुकला तर चेंडू बहुतेक वेळा पलीकडे, उजवीकडे पडतो. शॉट जितका लांबून, तितका रिंगपासून लांब उडतो. डेनिस रॉडमन 1991-92 ते 1997-98 सलग 7 मोसम अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये रिबाउंडमध्ये पहिला होता तो हा अंदाज बांधूनच; उंची जेमतेम 2.01 मीटर.

अमळनेरी: मग सरळ ‘उसळी’ म्हणा.

सातपुडा: उसळी जमिनीवरून. हा चेंडू 3.05 मीटरवरच्या रिंगला नाहीतर बोर्डाला लागून येतो. मुळात इंग्रजी शब्द चेंडू काय करतो ते सांगतो, आपल्याला खेळाडू काय करतो ते सांगायचंय. मैदानावर ‘रिबाउंड झाला’ कोण म्हणतं? ‘रिबाउंड काढला’ म्हणतात, विहिरीतून पाणी काढावं तसा. क्रियापद मराठी आहे, तेवढं पुरे.

भुसावळकर: आणि काढण्याआधीचं काम? बॉक्स आउट, म्हणजे समोरच्याला अंगाने रिंगपासून लांब अडवणं, त्याला ‘पाठ लावणे’ हा माझा शब्द. शॉट सुटला की चेंडूकडे बघत राहायचं नाही. आधी आपला माणूस शोधायचा, हात पुढे करून त्याचा अंदाज घ्यायचा, एका पायावर वळून पाठ लावायची. बूड खाली, पाय खांद्यांपेक्षा रुंद. हात वर ठेवायचे. मागे नेऊन त्याला गुंडाळलं की होल्डिंगचा फाउल, आणि क्वार्टरमधला पाचवा सांघिक फाउल असेल तर समोरच्याला दोन फ्री थ्रो फुकट. अहिराणीत एका ओळीत: पहिले माणूसले धर, मंग बॉलले.

तापीकाठ: तीच तर गोम आहे. संघ 2-3 झोन खेळला, दोघं पुढे, तिघं रिंगजवळ, प्रत्येकाने आपला भाग राखायचा. झोनमध्ये माणूस वाटून दिलेला नसतो, आपल्या भागात कोण आहे हे शोधेपर्यंत समोरचा आत घुसलेला. विशेषतः दोन बाजूंच्या माणसांमधल्या फटीतून. म्हणून बचाव चोख आणि रिबाउंड गेले, दोन्ही खरं.

अमळनेरी: समोरच्यांनी आपल्याच हुकलेल्या शॉटवर काढलेल्या रिबाउंडला शब्द आहे की भो, फरदड! मुख्य वेचणी झाली, रान मोकळं करायचं, तर त्याच झाडावर पुन्हा कापूस. ‘फरदडीचे गुण’.

धुळेकर: फरदड ठेवली की गुलाबी बोंडअळी पोसली जाते, हेही सांगा. इथेही तेच. चौघं रिंगखाली घुसले आणि रिबाउंड समोरच्याने काढला, तर मागे उरला एक. दोन पासांत लेअप, रिंगजवळून सोपे गुण. तिघं आत, दोघं मागे, हे बरं. शिवाय फरदडीला वेळही कमी: रिंगला लागलेला चेंडू आक्रमकांनीच काढला तर शॉट घेण्याच्या मुदतीचं घड्याळ 24 सेकंदांवर नाही, 14 वर लागतं.

सातपुडा: फरदड पुण्याच्या वाचकाला तळटीप दिल्याशिवाय कळणार नाही.

अमळनेरी: आणि प्रतिक्षेप कळतो?

भुसावळकर: टिपणात भराभर पास दिले या अर्थी ‘चेंडू छान फिरवला’ असंही असेल तर सांभाळा, क्रिकेटवाले फिरकी समजतील. ‘खो’ घ्यावा का?

धुळेकर: खो देणारा जागेवर बसतो! पास देऊन बसला तर झोन हलेल कशाला? पास दिला की कापत निघायचं. एक माणूस फ्री थ्रो रेषेवर उभा करायचा, तिथे चेंडू गेला की झोनचे वरचे दोघं आत ओढले जातात, मग उलट्या कोपऱ्यात पास. ड्रिबल करत बसलात तर पाचही जण सावकाश सरकून जागा भरतात. चेंडू माणसापेक्षा वेगाने जातो, एवढंच गणित. त्याला ‘चेंडूफेर’ म्हणा.

सातपुडा: चेंडूफेर म्हणजे पतपेढीतला हिशेब वाटतो.

तापीकाठ: टिपण उद्या द्यायचंय. रिबाउंडचं काय करू?

अमळनेरी: फरदड लिहा.

धुळेकर: फक्त आक्रमणातल्याला. बचावातल्याला नाही.

सातपुडा: आधी ‘बचाव’च खोडा. बचाव म्हणजे जीव वाचवणं. चांगला संघ चेंडूवाल्यावर दाब टाकतो, पासच्या वाटा बंद करतो. त्याला ‘अडवणूक’ म्हणायला हवं.

भुसावळकर: अडवणूक तर कचेरीत होते.