परदेशातल्या मराठी कथेत व्हिसा का दिसत नाही?

नौपाडेकर: घोडबंदर रोडच्या कुठल्याही सोसायटीत विचारा, कुणाचं ना कुणाचं पोर अमेरिकेत आहे. तरी आपल्या कथांत तिकडचं काय येतं? पहिला बर्फ आणि दिवाळीचा फराळ. माणूस जगतो कागदांवर. एच-वन-बी, म्हणजे नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसाच्या, वर्षाला ८५,००० जागा, मार्चमध्ये नोंदणी, मग निवड. मिळालाच तर तीन अधिक तीन वर्षं. नोकरी गेली की नवी शोधायला जेमतेम ६० दिवस. ग्रीन कार्डात, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यात, एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारतीयांची रांग सरकत नाही. तोवर मुलं २१ची होऊन आईबापांच्या अर्जातून बाहेर पडू शकतात. ओळखीचा प्रश्न इथून सुरू होतो, आणि लेखक नेमका हाच भाग गाळतात.

ऐरोलीकर: साफ अमान्य. झुंपा लाहिरींची 'द नेमसेक' (२००३) ही कादंबरी घ्या. सुरुवात १९६८ची: अमेरिकेत आलेली गरोदर बंगाली आशिमा राइस क्रिस्पीज, शेंगदाणे, कांदा कालवतेय आणि मोहरीचं तेल नाही म्हणून हळहळतेय. याला गहिवर म्हणून नाकं मुरडतात. पण पुढे वाचा. आशिमाच्या आजीने बाळासाठी सुचवलेलं नाव ज्या पत्रात, ते पत्रच पोचत नाही. जन्मदाखल्यावर नाव घातल्याशिवाय इस्पितळ बाळाला घरी सोडत नाही. तात्पुरतं 'गोगोल' लिहिलं जातं आणि तेच चिकटतं. हाही कागदच की!

नौपाडेकर: गोगोलचा बाप अशोक एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात पीएचडी करणारा, पुढे प्राध्यापक. अमेरिकेच्या १९६५च्या स्थलांतर कायद्याने शिकलेल्यांना दार उघडलं, तो काळ. आजच्या पात्राला तोच साचा लावला की कथा खोटी पडते.

कोपरीचा वाचक: तुम्ही दोघं म्हणताय ते एकत्र पाहायचं तर नायजेरियन लेखिका चिमामांडा अदिचींची 'अमेरिकाना' (२०१३) ही कादंबरी वाचा. लंडनमध्ये नायजेरियन ओबिन्झे दुसऱ्याच्या राष्ट्रीय विमा क्रमांकावर (तिकडे नोकरीसाठी लागणाऱ्या) राबतो, पगारातला वाटा त्याला देतो, कामावर 'व्हिन्सेंट' म्हणून हाक आली की ओ देतो. कागदासाठी ठरवलेल्या लग्नाच्या दिवशीच पकडला जातो आणि परत पाठवला जातो. नियम समजावणारा परिच्छेद नसला तरी चालतं, पात्राच्या वागण्यात तो उतरला पाहिजे. नौपाडेकरांचे आकडे कथेत जसेच्या तसे घातले तर माहितीपत्रक होईल.

ऐरोलीकर: हे पटलं. पण गोगोल जन्माने अमेरिकन नागरिक, त्याला व्हिसाची काळजीच नाही. तरी कॉलेजला जाण्याआधी तो कोर्टात जाऊन नाव बदलून 'निखिल' होतो. नौपाडेकर, कागद पक्के असलेल्याची ही तगमग तुमच्या व्हिसात कुठे बसते, ते सांगा.