नवऱ्याचे पिणे थांबले. आता माझ्यासाठी आधारगट कुठे मिळेल?

प्रश्न : निनावी सदस्य (चिंचवड)

माझ्या पतींचे मद्यपान लग्नानंतर काही वर्षांतच वाढत गेले आणि पुढे बराच काळ आमचे घर त्याभोवतीच फिरत राहिले. आता वर्ष उलटून गेले आहे, त्यांनी एक थेंबही घेतलेला नाही. व्यसनमुक्ती केंद्रातील उपचार पूर्ण झाले, ते अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना नेमाने जातात आणि कामावरही रुजू झाले आहेत. सर्वांना आनंद झाला आहे आणि तो मलाही आहे.

मात्र माझे स्वतःचे काही सुधारलेले नाही. ते परत यायला अर्धा तास उशीर झाला, तर माझ्या छातीत धडधड सुरू होते. दार उघडताना माझे लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे नसते, त्यांच्या श्वासाच्या वासाकडे असते. रात्री मध्येच जाग येते, जुने प्रसंग एकामागून एक आठवतात आणि पुन्हा झोप लागत नाही. ज्या काळात खरोखर रागवायला हवे होते, त्या काळात मी शांत राहून सगळे निभावले. आणि आता, ते चांगले वागत असताना, मला त्यांचा विलक्षण राग येतो. तो व्यक्त केला तर ते पुन्हा पिऊ लागतील, अशी भीती वाटते. मुलगी बारावीत आहे. ती फारशी बोलत नाही.

नातेवाईक म्हणतात, "आता सगळे सुरळीत झाले आहे, तर जुने कशाला उगाळतेस?" नणंदबाईंनी एका महाराजांकडे चलण्याचा आग्रह धरला. एका समुपदेशकांना भेटले, परंतु तासभर चौकशी झाली ती पतींचीच.

मला माझ्यासाठी जागा हवी आहे. पिंपरी-चिंचवड किंवा पुण्यात व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी मराठीतून चालणारा गट आहे का? गटात जावे की एकटीने मानसोपचार घ्यावेत? पतींच्या कंपनीतील कोणी ओळखीचे तेथे भेटले तर काय करावे? मी विशेष देवभोळी नाही, त्यामुळे प्रार्थना वगैरेंत मन रमेल का, अशीही शंका आहे. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

---

उत्तर १ : अबोली (पुणे)

ताई, तुमच्या पत्रातील 'मला माझ्यासाठी जागा हवी आहे' हे वाक्य फार महत्त्वाचे आहे. आमच्यातील बहुतेक जणी पहिल्यांदा गटात येतात तेव्हा नवऱ्याची दारू कशी सोडवावी हे विचारायला येतात. तुम्ही त्यापुढचा प्रश्न घेऊन येत आहात, आणि तो विचारायला अनेकींना कित्येक वर्षे लागतात.

दोन ठिकाणे मी खात्रीने सुचवते. पहिले म्हणजे अल-अ‍ॅनॉन. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हे स्वतः पिणाऱ्यांसाठी असते, तर अल-अ‍ॅनॉन हे त्यांच्या घरच्यांसाठी. १९५१ साली अमेरिकेत मद्यपींच्या बायकांनी एकत्र येऊन त्याची सुरुवात केली आणि आज ते भारतासह अनेक देशांत चालते. पुण्यात आणि मुंबईत त्याचे गट आहेत. पत्ता शोधण्याचा सर्वांत सोपा मार्ग तुमच्या घरातच आहे. पती ज्या सभेला जातात, तेथील जुन्या सदस्यांना जवळचा मराठी कौटुंबिक गट कोणता आणि तो कोणत्या वारी भरतो, हे नक्की ठाऊक असते. फोनवर सभेचा वार आणि वेळ पक्की करून मगच निघा, कारण जागा देणाऱ्या शाळेला किंवा सभागृहाला सुट्टी असली की वेळापत्रक बदलते.

दुसरे ठिकाण म्हणजे येरवड्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम केलेल्या डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केले. घरातील माणसांनाही उपचारांची गरज असते, ही दृष्टी तेथे आरंभापासून आहे. पत्नींसाठी त्यांचा 'सहचरी' हा गट आहे. तुमच्या पतींचे उपचार अन्यत्र झाले असले, तरी दूरध्वनी करून चौकशी करायला काहीच हरकत नाही.

आता सभेत काय होते, ते सविस्तर सांगते, कारण पहिल्या दिवशी पाय अडतात ते याच अज्ञातामुळे. दहा-पंधरा जणी गोलाकार बसतात. कोणी डॉक्टर नसतो, कोणी वहीत नोंद करत नाही. एखादा विषय घेतला जातो, उदाहरणार्थ राग, आणि ज्यांना बोलायचे असेल त्या आपापला अनुभव सांगतात. एकीचे बोलणे सुरू असताना मध्ये कोणी बोलत नाही आणि ती थांबल्यावर 'तू असे करायला हवे होतेस' असा सल्लाही देत नाही. नात्यागोत्यांत सदैव सल्लेच ऐकलेल्या बाईला ही गोष्ट आरंभी चमत्कारिक वाटते. मग हळूहळू तिच्या ध्यानात येते की, आपले वाक्य कोणीही न तोडता पूर्ण झाले, असे कित्येक वर्षांनी घडले आहे. तुम्हाला बोलायचे नसेल, तर नुसते बसून ऐकता येते.

वासाकडे लक्ष जाण्याबद्दल तुम्ही लिहिलेत, ते गटात सांगितलेत तर निम्म्या जणी मान हलवतील. कोणी खिसे तपासते, कोणी पावलांच्या आवाजावरून अंदाज घेते. पिणे थांबल्यावरही या सवयी लगेच जात नाहीत, कारण त्यांनीच इतकी वर्षे आपल्याला आणि मुलांना सांभाळलेले असते. अल-अ‍ॅनॉनमध्ये सांगतात की दुसऱ्याचे पिणे आपण घडवलेले नसते, ते आपल्याला आवरता येत नाही आणि बरेही करता येत नाही. हे बुद्धीला पटते लवकर. मनात उतरायला मात्र बऱ्याच सभा जाव्या लागतात. माझा राग त्यांना पुन्हा पाजेल, ही तुमची भीती याच ठिकाणी सैल होऊ लागते.

शुल्क नसते. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात ऐच्छिक वर्गणी टाकतात. नाही टाकली तरी कोणी बघत नाही. आडनाव विचारत नाहीत. ओळखीचे कोणी भेटलेच, तर तीही व्यक्ती त्याच कारणासाठी आलेली असते आणि तेथे ऐकलेले तेथेच ठेवण्याचा नियम तिलाही लागू असतो. सभेच्या आरंभी किंवा शेवटी प्रार्थना होते आणि 'उच्चशक्ती' असा उल्लेख येतो, हे खरे आहे. मात्र ती कोणती मानायची हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. आमच्या गटातील एक बाई नास्तिक आहेत आणि त्या आमच्या सर्वांत नियमित सदस्य आहेत. एकाच सभेवरून मत बनवू नका. निदान सहा सभांना जाऊन मग ठरवावे, असे अल-अ‍ॅनॉनमध्येच सुचवतात, आणि एक गट रुचला नाही तर दुसरा पाहावा.

---

उत्तर २ : नीलमोहर (व्यवसायाने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ)

अबोलीताईंनी गटाबद्दल जे लिहिले आहे, त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे थोडेच आहे. गट की वैयक्तिक मानसोपचार, या प्रश्नाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिते.

गटात आपण एकट्या नाही हे कळते, लाज कमी होते आणि आपल्यापुढे गेलेल्या व्यक्ती प्रत्यक्ष दिसतात. वैयक्तिक मानसोपचारांत तुमच्या विशिष्ट त्रासावर क्रमाने काम होते. दोन्ही एकाच वेळी घेता येतात आणि अनेकांना तसेच घेतल्याने अधिक लाभ होतो. तुम्ही वर्णन केलेली धडधड, मध्यरात्रीची जाग, न बोलावता मनात येणाऱ्या आठवणी आणि सतत टेहळणीवर असलेले मन, ही दीर्घकाळ धोक्याच्या छायेत राहिलेल्या शरीराची ओळखीची प्रतिक्रिया आहे. धोका ओसरला तरी शरीराची सावधगिरी लगेच ओसरत नाही. राग उशिरा येणे हेही त्याचाच भाग आहे, कारण आता कुठे रागावण्याइतकी सुरक्षितता तुमच्या वाट्याला आली आहे. पत्र वाचून निदान करणे योग्य नव्हे. परंतु झोप आणि आठवणींचा त्रास कित्येक महिने टिकून असेल, तर केवळ गटावर विसंबू नये, प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी. जगणे नकोसे वाटत असेल किंवा दैनंदिन कामेही होईनाशी झाली असतील, तर ही तपासणी ताबडतोब व्हायला हवी.

कोणाकडे जावे, याबाबत आपल्याकडे पुष्कळ गोंधळ आहे. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात आणि औषधे देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत. ते मानसिक चाचण्या आणि मानसोपचार करतात आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नका. मला कोणी विचारला तर मला बरेच वाटते. समुपदेशक हा शब्द मात्र फार सैलपणे वापरला जातो. उत्तम प्रशिक्षित समुपदेशक आहेत, तसेच अल्पमुदतीचा अभ्यासक्रम करून पाटी लावणारेही आहेत. म्हणून पहिल्या भेटीतच शिक्षण कोठे झाले, व्यसनग्रस्तांच्या कुटुंबीयांबरोबर काम केले आहे का, कोणती पद्धत वापरता आणि साधारण किती सत्रे लागतील, हे विचारावे. तुमच्या त्या भेटीत तासभर पतींचीच चौकशी झाली, हे वाचून वाईट वाटले. पुढील ठिकाणी आरंभीच स्पष्ट सांगा की उपचार घेणारी व्यक्ती मी आहे. हे ऐकूनही संभाषण वारंवार पतींकडेच वळत असेल, तर दुसरी व्यक्ती शोधण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

गोपनीयतेची काळजी वाटत असेल तर हे ध्यानात असू द्या की, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम २३ नुसार तुमची माहिती गुप्त ठेवणे उपचारकर्त्यावर बंधनकारक आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजकेच अपवाद त्यात आहेत. पतींनी विचारले तरी तुमच्या संमतीवाचून त्यांना काही सांगता येत नाही.

खासगी सत्राला पुण्यात हजार-दीड हजार रुपये सहज पडतात. ते परवडणारे नसेल, तर ससून रुग्णालयातील मनोविकारशास्त्र विभागाच्या बाह्यरुग्ण सेवेत अल्प खर्चात तपासणी होते. गर्दी असते, सकाळी लवकर जावे लागते. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक आहे. ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येते. रात्री तीन वाजता जाग आल्यावर बोलायला माणूस हवे असेल, तर हा क्रमांक जवळ असू द्या.

आपल्या पत्रात मारहाणीचा उल्लेख नाही. परंतु हे वाचणाऱ्या अन्य कोणाच्या घरी ती चालू असेल, तर त्यांनी गट शोधण्याआधी सुरक्षिततेचा विचार करावा. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे. सोशिकपणा शिकवणारा कोणताही गट अशा वेळी उपयोगाचा नाही.

---

उत्तर ३ : तळेगावकर

वहिनी, मी स्वतः मद्यपी आहे आणि बरीच वर्षे निर्व्यसनी आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो.

आमच्या सभांमध्ये निर्व्यसनी राहिल्याचा वाढदिवस साजरा होतो. टाळ्या वाजतात, केक कापला जातो, आणि त्या वेळी शेजारी बसलेल्या पत्नीच्या मनात काय चालले असेल, याची विचारपूस फार थोडे जण करतात. आमची प्रगती मोजायला दिवस असतात. तुमच्याकडे तसे काहीच मोजमाप नसते. त्यामुळे तुम्ही मागे राहिलात असे घरच्यांना वाटते, आणि तो तुमच्यावर मोठा अन्याय आहे.

तुमच्या रागाने ते पितील, ही भीती कृपया बाळगू नका. पुन्हा पिणारा माणूस कारण शोधतोच, मग घरात कितीही शांतता असो. त्यांना जाताना एवढेच सांगा की, तुम्ही जसे सभेला जाता तशी मीही जाणार आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या कार्यक्रमात दुखावलेल्यांची यादी करून भरपाई करण्याच्या पायऱ्या आहेत. त्या पायऱ्या ते मनापासून चालत असतील, तर तुमच्या जाण्याचा अर्थ त्यांना समजेल. नाही समजला, तरी तुमचे जाणे थांबू नये. सभेत त्यांच्याविषयी बोलणे म्हणजे चुगली करणे होईल, असेही मानू नका. तुम्ही तुमच्या अनुभवाविषयी बोलणार आहात.

मुलीविषयी तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण माझे लक्ष तेथेच अडकले. कुमारवयीन मुलांसाठी अलाटीन नावाचे गट असतात. सगळीकडे नसतात, त्यामुळे अल-अ‍ॅनॉनमध्येच चौकशी करावी लागेल.

---

निनावी सदस्य (चिंचवड)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पतींनी त्यांच्या गटातील ज्येष्ठ सदस्यांकडून कौटुंबिक गटाचा क्रमांक आणून दिला; मी विचारले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले, मग स्वतःच फोन केला. सभा सायंकाळी असते आणि त्याच वेळी सासूबाईंचे औषधपाणी असते. ऑनलाइन सभांना गेले तर चालेल का? मुलीला गटात नेण्यासाठी परीक्षा संपेपर्यंत थांबावे का?

---

अबोली (पुणे)

ऑनलाइन सभा अवश्य चालतील, आणि गावोगावच्या बायका त्यांतूनच जोडल्या गेल्या आहेत. अडचण एवढीच की घरात बसून मोकळे बोलता येत नाही. सासूबाई पलीकडच्या खोलीत असताना तुम्ही रागाविषयी काय बोलाल? कानाला हेडफोन लावून गच्चीवर किंवा बंद गाडीत बसून सभा ऐकणाऱ्या मैत्रिणी माझ्या माहितीत आहेत. तरीही आठवड्यातील ती एक संध्याकाळ औषधे देण्याचे काम पतींनी करावे, असे मी सुचवेन. त्यांच्या सभांच्या वेळी घर तुम्हीच सांभाळले होते.

नीलमोहर

मुलीसाठी परीक्षेपर्यंत थांबण्याची गरज नाही, पण बळेही नेऊ नका. आई कोठे जाते आणि कशासाठी जाते, हे तिला सरळ शब्दांत सांगा आणि तिच्यासाठीही अशी जागा आहे एवढे कळवून ठेवा. तिचे खाणे, झोप किंवा मैत्रिणींमध्ये मिसळणे ठळकपणे बदलले असेल, तर मात्र परीक्षा असली तरी तिला आधी तज्ज्ञांना दाखवा. पहिल्या भेटीला तिच्याबरोबर तुम्ही जा, आणि आत तिला एकटीला बोलू द्या.