दुर्भाटच्या धक्क्यावर भरती मोजतोय. दुपारी पाणी फुगतं, रात्री बसतं. यंत्र चुकतंय की मी?

खाजनकर_मास्तर

नमस्कार मंडळी. फोंड्याकडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. घरची थोडी खाजन शेती आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली खोलगट जमीन, दुर्भाटला, झुआरीच्या काठाला. गेली दोन वर्षं उधाणाला बांधावरून पाणी आत उतरतंय. कोरगूट भात खारं सोसतं म्हणून काय वाट्टेल तेवढं सोसेल असं नाही. बांधाच्या बैठकीत दर खेपेला एकच भांडण: म्हातारे म्हणतात बांध बसला, पोरं म्हणतात समुद्र चढला. मोबाइलवर बातम्या वाचून पोरांचा आवाज मोठा. म्हटलं, भांडण्यापेक्षा मोजू.

धक्क्याच्या खांबाला १६० मिमीचा पीव्हीसी पाइप क्लॅम्पने आवळला. तीन मीटरचा एक, वर एक मीटरचा तुकडा, मध्ये कपलर. तळाला टोपी, टोपीला छिद्र. माथ्यावर जेएसएन-एसआर०४टी, म्हणजे गाडीच्या मागे पार्किंगला असतो तसला वॉटरप्रूफ अल्ट्रासोनिक सेन्सर. खाली बघत बसतो आणि पाणी किती अंतरावर आहे ते सांगतो. प्रोग्रॅम चालवायला ईएसपी३२ बोर्ड, एसडी कार्ड, घड्याळासाठी डीएस३२३१. दर सहा मिनिटांनी तीस वाचनं घेऊन त्यातलं मधलं ठेवतो. सोलर पॅनेल धरून चार हजारांच्या आत बसलं. क्लॅम्प मात्र स्टीलचेच घ्या. माझे पहिले साधे होते, पंधरवड्यात गंजून गेले आणि पाइप पाग्यांच्या, म्हणजे मासे मारणाऱ्यांच्या, जाळ्यात सापडला. त्यावर जे ऐकलं ते इथे लिहिता येणार नाही.

आता तेवीस दिवसांचा डेटा आहे. मुरगावच्या भरतीच्या तक्त्यापेक्षा आमच्याकडे पूर्ण भरती पाऊण तास उशिरा येते, ते पटतं. पण शेजारी रंगवलेल्या मोजपट्टीशी ताडून पाहिलं तर भर दुपारी यंत्र पाणी आठेक सेंटीमीटर वर दाखवतं आणि पहाटे जवळजवळ बरोबर. गंमत म्हणजे सुकतीला (ओहोटीला) ही चूक मोठी, भरतीला लहान. शिवाय अधूनमधून १०३ सेमी हा एकच आकडा अर्धा-अर्धा तास चिकटून बसतो.

दुसरं, सेंटिनेल-२ उपग्रहाची फुकट चित्रं उतरवून काठ आखून पाहिला. महिनाभरात काठ वीस मीटर आत-बाहेर! एवढी झीज होईल कशी? बांध कुठे किती बुटका आहे त्याचा नकाशा करायचा आहे, पण हे बघून हात थांबले. ड्रोनवाल्याने सांगितलेला दर ऐकून घरीच आलो.

वास्कोचा_वायरमन

सर, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. सुकतीला चूक मोठी आणि भरतीला लहान, म्हणजे चूक अंतराच्या प्रमाणात वाढतेय. म्हणजे आवाजाचा वेग.

सेन्सर फक्त वेळ मोजतो, अंतर तुमचा प्रोग्रॅम काढतो, आणि बहुतेकांच्या प्रोग्रॅममध्ये ध्वनीचा वेग एक ठोकळ आकडा असतो. हवेत तो सेकंदाला ३३१.३ मीटर, अधिक दर अंश सेल्सिअसला ०.६. उन्हात पाइपच्या आत ४५ अंश सहज होतात, पहाटे २५. फरक साडेतीन टक्के. सुकतीला पाणी अडीच मीटर खाली असेल तर झाले आठ-नऊ सेंटीमीटर, भरतीला ऐंशी सेंटीमीटरवर असेल तर तीनच. तापलेल्या हवेत आवाज लवकर परत येतो, यंत्राला वाटतं पाणी जवळ आलं.

पाइपला पांढरा रंग द्या, भरतीच्या रेषेच्या वर चारी बाजूंनी भोकं पाडा म्हणजे हवा खेळेल, आणि आत डीएस१८बी२० हे तापमापक दोन सोडा, एक माथ्याशी, एक मध्यावर. सरासरीने वेग काढा. हे केल्याशिवाय भरतीचे घटक, म्हणजे चंद्र-सूर्यामुळे येणारे तिचे वेगवेगळे ताल, काढायला बसू नका. उन्हाचा ताल चोवीस आणि बारा तासांचा, सूर्यामुळे येणाऱ्या भरतीचाही बाराच तासांचा. एकदा मिसळले की वेगळे करता येत नाहीत. एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने) वेरेला मांडवीवर रडार गेज लावलंय, त्याला हवेच्या तापमानाचं सोयरसुतक नाही. पण ते तुमच्या-माझ्या खिशाचं काम नव्हे.

१०३ म्हणजे तुमचा कपलर. माथ्यापासून एक मीटरवरच आहे ना? या सेन्सरचा झोत रुंद असतो, सांध्याच्या कडेवरून प्रतिध्वनी येतो. अखंड पाइप घाला. तळाचं छिद्र पाइपच्या व्यासाच्या दहाव्या भागाएवढं, सोळा मिमीच्या आसपास पुरे, आणि त्याभोवती तांब्याची पट्टी. नाहीतर दोन महिन्यांत काल्वं छिद्र बुजवतील आणि तुम्हाला वाटेल भरतीच मंदावली.

नदीकाठी_निवांत

दाब मोजणारा सेन्सर तळाशी का टाकत नाही? एमएस५८३७ मिळतो, ऊन-वाऱ्याची भानगडच नाही.

वास्कोचा_वायरमन

भानगड बदलते, जात नाही. हवेचा दाब वजा करायला वर दुसरा सेन्सर लागतो. एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण एक सेंटीमीटर पाणी. आणि पाणी मे महिन्यात खारं, जुलैत नदीत जवळपास गोडं. घनतेत अडीच टक्क्यांपर्यंत फरक. तीन मीटर पाण्यावर सात सेंटीमीटर खोटे. सरांना दोन-चार सेंटीमीटरचं भांडण सोडवायचंय.

मालवणी_तिथी

मास्तरांनू, आमचे आजे तिथीची पाऊणपट करायचे. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. तुमच्याकडे थोडा पुढे-मागे होईल, पण सेन्सर बंद पडला तर पंचांग बॅटरीवर चालत नाही.

नकाशावाली_पणजी

मालवणच्या दादांनी जे सांगितलं त्यातच मास्तरांच्या दुसऱ्या प्रश्नाची किल्ली आहे, हे त्यांच्या लक्षात आलंय की नाही माहीत नाही.

सेंटिनेल-२ सूर्याच्या घड्याळावर फिरतो. गोव्यावरून तो नेहमी सकाळी अकराच्या सुमारासच जातो. आता पाऊणपट लावा. पुनव-अवसेला पूर्ण भरती अकराच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवशी त्याला काठ भरलेलाच दिसणार. अष्टमीला भरती सहाला, मग अकरा-बाराला सुकती, तीही भांगाची, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं त्या दिवसांची. उधाणाची खरी सुकती, जेव्हा चिखल मैलभर उघडा पडतो, ती या उपग्रहाला जवळजवळ कधीच दिसत नाही. लँडसॅटही सकाळचाच गडी, त्याची तीच गत. तुमची झीज नाही, सर. तुमच्या दोन चित्रांची तिथी वेगळी आहे. वीसात एक असा उतार धरला तर एक मीटर भरतीत पाण्याची कड वीस मीटर सरकते.

चित्राच्या क्षणी पाणी किती होतं ते कळलं तर हे दुरुस्त करता येतं: पातळीतला फरक भागिले उतार. तो आकडा तुमचा पाइप देणारच आहे. कोस्टसॅट नावाचं मोफत पायथन साधन आहे, जुन्या चित्रांतून वाळूची कड काढतं. मोरजी, मिरामारसारख्या किनाऱ्यांना छान. पण तुमच्या बांधाला नको. दहा मीटरच्या ठिपक्यात दीड मीटरचा बांध शोधणं म्हणजे खलाशाच्या टोपलीत जिरं शोधणं.

बांधाच्या उंचीसाठी मोबाइलचा जीपीएसही नको, उंचीत तो मीटरांनी चुकतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, पाणी भरून. धक्क्यावर चिऱ्यात एक खिळा ठोका, तोच तुमचा शून्य. तिथून दर दहा मीटरवर नळीने उंची पुढे न्या आणि परत खिळ्याशी येऊन ताळा करा. बुडबुडा राहिला तर सगळं फुकट, तेवढं सांभाळा.

समुद्रसपाटीशी जोडायची गरजच नाही. तुमचा वाद बांध आणि पाणी यांच्यात आहे. (तशी भारताची जुनी समुद्रसपाटी १९०९ पर्यंतच्या मोजणीतून, नऊ बंदरांवरून ठरली. त्यात आपल्याला सगळ्यात जवळचं कारवार. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते ना.)

आणि हेही सांगते, तेवीस दिवसांत समुद्र चढला का हे कळणार नाही. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या शेवटी सरासरी पातळी खाली असते, हिवाळ्यात वर येते, प्रवाह फिरतात म्हणून. एवढं एक आवर्तन तरी पूर्ण बघा. जगाची सरासरी १९९३ पासून वर्षाला तीन-साडेतीन मिलिमीटर आहे. दोन वर्षांत एक सेंटीमीटरही होत नाही. दोन वर्षांपूर्वी न येणारं पाणी आज येतंय, तर मी आधी बांधाकडे बघेन.

खाजनकर_मास्तर

उशीर झाला, दहावीचे पेपर होते.

अखंड पाइप, पांढरा रंग, दोन तापमापक. मोजपट्टीशी फरक आता दुपारीही दीड सेंटीमीटरच्या आत. १०३ गेला.

रविवारी नववीची सहा मुलं घेऊन नळी फिरवली. तीस मीटर नळी, बाटलीभर पाण्यात थोडा जांभळाचा रस, म्हणजे पातळी दिसते. ताळा नऊ मिलिमीटरने चुकला. माझ्या मानाने झकास. बांध सगळीकडे सारखा निघाला, फक्त मानशीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दारांच्या) उजवीकडे बारा-पंधरा मीटरचा पट्टा अकरा सेंटीमीटर बुटका. तिथेच पागी मानशीवर जायला रोज चालतात, आणि गेल्या-गेल्या वर्षी दारं बदलताना लाकडं तिथूनच ओढली होती.

बैठकीत आकडे मांडले. म्हातारे खूश. पोरं म्हणाली, उद्या समुद्र चढेल तेव्हा? मी म्हटलं, पाइप तिथेच आहे. आता वाद असा आहे की चिखल कोणी आणायचा, शेतकऱ्यांनी की मानशीतल्या मासेमारीचा लिलाव घेतलेल्याने.

वायरमन भाऊ, तांब्याची पट्टी चोरीला गेली. दुसरं काही चालेल का?